बोअरच्या पाण्यात फेसणारा दाढीचा साबण : लातूरमधल्या घरच्या प्रयोगाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी

वडील अजून ब्रश आणि वाटीतल्या साबणानंच दाढी करतात. एक तांब्या पाणी घेतात आणि त्यातच ब्रश भिजवणं, फेस करणं, तोंड धुणं सगळं उरकतात. त्यांची सवय जुनी आहे, पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती जलदूत गाडी, तेव्हापासून घरात सगळ्यांचाच हात आखडला तो कायमचा. तर साबण करायचा तो या एका तांब्यात बसणारा. पाणी बोअरचं. फेस दाढी संपेपर्यंत टिकला पाहिजे आणि वास आपल्याकडचा पाहिजे. लव्हेंडर आणि चंदनाचे साबण बाजारात भरपूर आहेत, ते पुन्हा करण्यात मला रस नाही.

सामान आणलं. स्टिअरिक ॲसिड (मेणासारखं घट्ट, चरबीतलं आम्ल) १ किलो १८० रुपये, मेणबत्तीचं साहित्य विकणाऱ्याकडून. कॉस्टिक पोटॅश अर्धा किलो २४०, कॉस्टिक सोडा अर्धा किलो ९०, खोबरेल २५०, लाकडी घाण्याचं करडईचं तेल ३८०, एरंडेल ९०, ग्लिसरीन ६०. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ४५०. काट्यात काटकसर करू नका, स्वयंपाकघरातला काटा या कामाला चालत नाही.

तेल-चरबीला क्षार, म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश, लागला की साबण होतो. अंगाच्या साबणात नुसता सोडा असतो, दाढीच्या साबणात पोटॅश जास्त घ्यायचा. पोटॅशचा साबण पाण्यात लवकर विरघळतो, म्हणून ब्रश फिरवल्याबरोबर उचलला जातो. स्टिअरिकमुळे फेस दाट होतो आणि बसतो. एवढं माहीत असलं की सुरुवात करता येते.

२५ फेब्रुवारी, पहिला घाणा

५०० ग्रॅम चरबी : स्टिअरिक २५०, खोबरेल १००, करडई १००, एरंडेल ५०. क्षार ७० टक्के पोटॅशचा आणि ३० टक्के सोड्याचा (वजनानं नाही, चरबीचा किती भाग कशानं साबण करायचा त्या हिशेबानं), म्हणजे पोटॅश ७७ ग्रॅम आणि सोडा २१ ग्रॅम. पोटॅश ९० टक्के शुद्ध धरला आहे, कारण डब्यातला पोटॅश कधीच पूर्ण शुद्ध नसतो. पाणी २०० ग्रॅम. ४ टक्के चरबी क्षाराविना राहील असा हिशेब ठेवला, नाही तर चेहरा ओढतो.

साबण बिघडला. तेलं वितळवून पातेलं खाली उतरवलं, क्षाराचं पाणीही गार होऊ दिलं आणि मग ओतलं. अंगाच्या साबणाला असंच करतात, म्हणून मीही केलं. स्टिअरिक हे मुळातच आम्ल असल्यानं क्षार लागताक्षणी साबण होतो. दहा सेकंदांत पातेल्यात झुणक्यासारखे गोळे झाले आणि चमचा उभा राहिला. गोळ्यांच्या आत न वितळलेलं स्टिअरिक, बाहेर कोरडा क्षार. पातेलं पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवून दीड तास लाकडी उलथन्यानं दाबत राहिलो. कसंबसं एकजीव झालं.

पातेलं स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियमला क्षार खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. क्षार पाण्यात टाकायचा, पाणी क्षारावर ओतायचं नाही. मनगटावर एक थेंब उडाला, लगेच नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका, नुसतं वाहतं पाणी.

३ मार्च

साबण आठवडाभर सुकवला. चाकूनं कापला तर आत पांढरे, मेणचट ठिपके. सुरुवातीला वाटलं, शिजवण्यात कमी पडलो. एक तुकडा गरम पाण्यात विरघळवून ठेवला. साबण विरघळला आणि पाणी गार झाल्यावर वर मेणाचा पातळ पापुद्रा आला. म्हणजे स्टिअरिकमध्ये पॅराफिन होतं. मेणबत्तीला मिश्रण चालतं, साबणाला नाही. पॅराफिनवर क्षाराचा काहीच परिणाम होत नाही, ते जसंच्या तसं राहतं आणि फेस मारतं.

स्टिअरिक पुन्हा आणलं, या वेळी रसायनांच्या दुकानातून, साबण-क्रीमसाठीचं, २६० रुपये. घरी तपासायची सोपी रीत : चमचाभर स्टिअरिक थोड्या पोटॅशच्या पाण्यात उकळा आणि भरपूर गरम पाणी घाला. सगळं विरघळलं तर माल बरा. वर तवंग आला तर परत करा. ही तपासणी मी आधी केली असती तर १८० रुपये आणि एक रविवार वाचला असता.

१० मार्च, दुसरा घाणा

मापं तीच, रीत बदलली. सगळी तेलं ८० अंशांवर पूर्ण पातळ. क्षाराचं पाणी गरम असतानाच, बारीक धारेनं, पातेलं उकळत्या पाण्याच्या कढईत ठेवूनच ओतलं. घट्ट झालंच, पण उष्णता कमी झाली नाही म्हणून गोळे झाले नाहीत. आधी कुरडईच्या चिकासारखं, मग चाळीस मिनिटांनी व्हॅसलीनसारखं अर्धपारदर्शक. झाकण ठेवून एकूण सव्वा तास. जिभेच्या टोकाला किंचित लावून पाहिलं, झटका बसला नाही, म्हणजे मोकळा क्षार उरला नाही. खाली उतरवून ग्लिसरीन ३० ग्रॅम. रुंद तोंडाच्या स्टीलच्या वाटीत दाबून भरलं. हा साबण ओतता येत नाही, कणकेसारखा दाबावाच लागतो, आणि दाबताना हवा राहिली तर पोकळ्या पडतात.

२४ मार्च

दोन आठवड्यांनी पहिली दाढी. ब्रश डुकराच्या केसांचा, ३५० रुपयांचा. तो पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो, नाही तर केस कडक राहतात आणि साबण उचलत नाहीत. झटकून वाटीत अर्धा मिनिट फिरवला, मग चेहऱ्यावर.

फेस आला खरा, पण गालावर चढेपर्यंत विरला. दुसऱ्या हाताला, म्हणजे दुसऱ्यांदा पातं फिरवताना, तर नुसता ओला चिकट थर राहिला आणि तांब्याच्या कडेला पांढरं किटण धरलं. संध्याकाळी घरातल्या आरओ फिल्टरचं पाणी घेऊन तोच साबण, तोच ब्रश. फेस सायीच्या दह्यासारखा उभा राहिला आणि दहा मिनिटं हलला नाही.

म्हणजे साबणात खोट नाही, पाण्याची जात आड येते. आमचं बोअर काळ्या पाषाणातलं. त्या पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारं किटण करतात. तेवढा साबण आधी पाण्याची भूक भागवण्यात जातो आणि उरलेल्याचा फेस होतो. फिल्टरच्या पाण्यानं दाढी करा हे उत्तर मला मान्य नाही. फिल्टर एक तांब्या चांगलं पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो.

३१ मार्च, तिसरा घाणा

किटण रोखायला लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड). क्षारासोबत त्याचं सायट्रेट होतं आणि ते पाण्यातला चुना धरून ठेवतं, साबणापर्यंत येऊ देत नाही. ५०० ग्रॅम चरबीला १० ग्रॅम घातलं. बाकी सगळं दुसऱ्या घाण्यासारखं.

साबण मऊ, तेलकट. फेस आधीपेक्षाही कमी. दोन दिवस कारण शोधत होतो. मग वहीत मांडलं तेव्हा दिसलं : लिंबूसत्त्वही आम्लच, तेही क्षार खाणारच. १० ग्रॅम लिंबूसत्त्वानं सुमारे ८ ग्रॅम शुद्ध पोटॅश खाल्ला. माझ्या मापात एकूण क्षार शुद्ध पोटॅशच्या हिशेबानं ९९ ग्रॅम, म्हणजे तब्बल आठ टक्के गेला. मोकळी चरबी ४ टक्के ठेवायची होती, ती १२ टक्के झाली. इतकी मोकळी चरबी असताना फेस उभा राहत नाही.

हा साबण टाकला नाही. आईनं भांडी घासायला घेतला आणि हात मऊ राहतात म्हणून तिला तो आवडला.

१३ एप्रिल, चौथा घाणा

लिंबूसत्त्व १० ग्रॅम, त्याच्यासाठी पोटॅश ९ ग्रॅम जास्तीचा. एकूण पोटॅश ८६, सोडा २१. लिंबूसत्त्व थेट तेलात घालू नका. ते पाण्यात आधी विरघळवा, मग त्यात क्षार हळूहळू, कारण उष्णता नेहमीपेक्षा जास्त होते. माझी बरणी जवळजवळ उकळली.

बोअरच्या पाण्यावर फेस आला आणि दाढी संपेपर्यंत टिकला. फिल्टरच्या पाण्याइतका दाट नाही, पण दोन हात पुरतो. किटण तांब्याला जवळपास नाही. त्या दिवशी वडिलांनी पहिल्यांदा आपली जुनी वाटी बाजूला ठेवली. बोलले काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशीही माझीच वाटी घेतली.

फेसाच्या बाबतीत एक गोष्ट हातालाच शिकावी लागते. पाणी एकदम घातलं की मोठमोठे बुडबुडे येतात, ताकावरच्या फेसासारखे, दिसायला भरपूर आणि पात्याखाली पोकळ. ब्रश ओलसर ठेवायचा, आधी साबणाचा घट्ट लेप करायचा आणि मग ब्रशचं टोक दोन-दोन थेंब पाण्यात बुडवत फेटायचं. बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे झाले की फेस झाला.

२७ एप्रिल

दुसऱ्या घाण्याच्या वड्यांवर नारिंगी ठिपके. नाकाजवळ नेलं तर जुन्या फरसाणाचा खवट वास. पहिल्याचंही तेच. बाहेर पारा चाळीसच्या वर आहे आणि वड्या पत्र्याच्या कपाटात होत्या.

दोष करडईचा. हे लिहिताना जड जातं, कारण करडई हे आमच्या रब्बीचं तेल, आजीच्या हातच्या सगळ्या भाज्या याच तेलातल्या. खायला उत्तम, पण साबणात ते टिकत नाही. त्यातला मोठा भाग लिनोलिक ॲसिडचा, आणि ते हवेशी चटकन बिघडतं. फेसातही त्याचा वाटा नगण्य. पुढच्या घाण्यात करडईऐवजी कोकम तेल, तेच पांढरे गोळे जे भेगा पडलेल्या टाचांना लावतात. २०० ग्रॅम २२० रुपये. माल कोकणातला, पण त्यात स्टिअरिक भरपूर आणि खवटपणा नाही. चौथ्या घाण्याच्या वड्या थंड जागी हलवल्या, त्या आधी वापरून टाकणार.

५ मे

आता वास. गेल्या तीन आठवड्यांत जे जे फसलं ते लिहितो.

वाळा. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या की पहिल्या दिवशी घरभर जो वास येतो, तो मला हवा होता. वाळ्याची मुळं खोबरेलात टाकून आठ दिवस उन्हात ठेवली. तेलाला वास आला, मंद आणि छान. त्या तेलाचा पेलाभर साबण करून पाहिला, क्षारात आणि तासाभराच्या आचेत काही उरलं नाही.

मोसंबी. जालन्याच्या मोसंबीच्या साली वाळवून त्यांची पूड शेवटी मिसळली. वास दोन दिवस, मग नुसती पूड, आणि ती गालावर खरखरते. मोसंबी-संत्र्याचं विकतचं तेलही साबणात फार टिकत नाही, उडून जातं.

मातीचं अत्तर. मिरगाच्या पहिल्या सरीचा वास वाटीत यावा, ही या सगळ्या खटाटोपामागची माझी सगळ्यात मोठी इच्छा होती. कन्नौजला भाजलेली माती भट्टीवर चढवून तिचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. खरं चंदन घातलेलं अत्तर ३०० रुपयांत मिळणार नाही हे मला कळायला हवं होतं. मी ३०० चंच आणलं. बाटलीत वास सुरेख, साबणात दुसऱ्या दिवशी शून्य.

गवती चहाचं तेल. वास भरपूर, पण ताज्या दाढीवर झोंबलं आणि मान लाल झाली. त्यातला सिट्रल कातडीला त्रास देऊ शकतो. आता कुठलंही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबतो.

१९ मे, पाचवा घाणा

स्टिअरिक २५०, खोबरेल १००, कोकम १००, एरंडेल ५०. पोटॅश ८६, सोडा २१, लिंबूसत्त्व १०, पाणी २००, ग्लिसरीन ३०. कोकमामुळे क्षाराच्या हिशेबात नाममात्र फरक पडतो, मापं तीच ठेवली.

वासासाठी दोन तेलं. वाळ्याचं १० मिलिलिटर ४८० रुपये आणि रोशाचं २५ मिलिलिटर २६० रुपये. रोशा गवत आपल्याच माळरानांचं, खानदेशात त्याचं तेल जुन्या काळापासून काढत आले आहेत. त्यात जेरॅनिऑल भरपूर, म्हणून गुलाबाच्या जवळ जाणारा वास, पण गुलाबाचा गोडवा नाही, खाली वाळलेल्या गवताची कड आहे. वाळ्याचं तेल काकवीसारखं घट्ट, मातकट, ओलसर मुळांचा वास. मातीचं अत्तर जे देऊ शकलं नाही त्याच्या जवळपास हेच नेतं.

एकूण ८ ग्रॅम : रोशा ५, वाळा ३. साबण शिजून खाली उतरवल्यावर, ७० अंशांखाली आल्यावरच मिसळलं, आचेवर घातलं तर अर्धं वाफेबरोबर जातं. उशीरही करता येत नाही, साबण घट्ट झाला की तेल एकसारखं फिरत नाही. मला तीन मिनिटं मिळाली.

घाण्याचा चौथा हिस्सा वेगळा काढून त्यात पुदिनाफूल, म्हणजे मेंथॉलचे खडे. इटलीत फ्लॉरेन्सच्या प्रोरासो कंपनीचा निलगिरी-मेंथॉलचा साबण जगभर वापरतात, आणि आमच्या मे महिन्यात थंडाव्याची गरज तिथल्यापेक्षा जास्तच. पुदिनाफूल आणि कापूर एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात, त्यामुळे मिसळायला सोपं जातं. चार भागांना एक भाग कापूर घेतला. चूक मापात झाली. दीड टक्का घातलं. दाढी करताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रोशा-वाळा दोन्ही झाकून गेले. पुढच्या वेळी अर्ध्या टक्क्याच्या आतच ठेवणार.

२ जून

पाचव्या घाण्याची एक वडी गल्लीतल्या सलूनवाल्या मामांकडे नेली. पस्तीस वर्षं हातात वस्तरा आहे, आता अर्धं पातं घालून करतात. चौथ्या घाण्याचीही वडी सोबत होती. मामांनी दोन्ही आपल्याच नळाच्या पाण्यावर फेटल्या.

चौथ्याबद्दल म्हणाले, “लेकरा, हा पळायलाय. फेस बसायला पाहिजे.” पाचवा गालावर लावून ते थांबले. दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलून आले, तोवर चार-पाच मिनिटं झाली असतील. फेस जागेवर. मग पातं फिरवलं आणि बोटानं गाल तपासला. “हे बरंय. पण पातं उलटं फिरवताना थोडं आणखी निसरडं पाहिजे.”

निसरडेपणाचा मी विचारच केला नव्हता. मी फेसाकडे बघत होतो आणि मामा फेस गेल्यावर गालावर काय उरतं ते बघत होते. वासाचं विचारलं तर म्हणाले, “वाटीत हुंगून काय उपयोग? गरम पाणी लागल्यावर काय येतं ते बघ.” त्यांनी कोमट ब्रश फिरवला आणि खरंच, कोरड्या वडीत रोशा पुढे होता, फेसात वाळा वर आला. शेवटी तुरटी फिरवली. कुठंही झोंबलं नाही.

९ जून, सहावा घाणा

एरंडेल ५० चं ६० आणि खोबरेल १०० चं ९०, ग्लिसरीन ३० चं ४०. खोबरेलाला क्षार जास्त लागतो, म्हणून पोटॅश अर्ध्या ग्रॅमनं कमी. वास रोशा ४, वाळा ४. पुदिनाफूल नाही. वाळ्याची बाटली जवळपास संपली.

सव्वा तास शिजवणं, भरणं, भांडी धुणं धरून तीन तास. पहिल्या घाण्याला अख्खा दिवस गेला होता. आजवरचा खर्च साडेतीन हजारांच्या पुढे गेला आहे, त्यातले हजारेक रुपये मी वर लिहिलेल्या चुकांचे.

१६ जून

मिरग बरसला. पहिली सर गच्ची धुवायला सोडून दिली, दुसऱ्या सरीचं पाणी पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून घागरीत धरलं. पाचव्या घाण्याची वडी या पाण्यावर फेटली. नेहमीच्या निम्म्या साबणात वाटीभर फेस, आणि इतका दाट की ब्रश वाटीत उभा राहिला. वडिलांनी अर्ध्या तांब्यात दाढी केली. गच्चीवर ओल्या मातीचा वास होता आणि वाटीत वाळ्याचा. दोन्ही वेगळे ओळखता येत होते, आणि ते बरंच वाटलं. मातीच्या अत्तराचा नाद इथेच सोडला.

घागर झाकून ठेवली आहे, पण लिंबूसत्त्व मापातून काढणार नाही. मे महिन्यात पुन्हा बोअरच आहे.

११ ऑगस्ट

सहावा घाणा दोन महिन्यांचा झाला. वड्या कडक, ठिपके नाहीत, खवटपणा नाही. मामांनी एक वडी दुकानात ठेवून घेतली. निसरडेपणा सुधारला आहे, पहिला फेस यायला मात्र पाच-सात फेरे जास्त लागतात, खोबरेल कमी केल्याचा परिणाम. दुकानातल्या दोघांनी विकत मागितला. विकण्यासाठी बनवायचा तर परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम आहेत, म्हणून नाही म्हटलं.

वासात फरक पडला. रोशा बराच उतरला, वाळा तसाच आहे, उलट गोलसर झाला आहे. पाचव्या घाण्याच्या झाकण लावलेल्या वडीत रोशा अजून आहे, उघड्या वडीत नाही. पुढच्या घाण्यात रोशा ६, वाळा ३, खोबरेल पुन्हा १००, एरंडेल ६० तसंच, म्हणजे स्टिअरिक २४० वर येईल. क्षार नव्यानं मांडायचा आहे. वाळ्याच्या तेलाची नवी बाटली मागवली आहे.